इंजिनचं काम केलं तरी गाडी ऑइल खातेय? परत हेड उतरवण्याआधी हे क्रमाने तपासा

मागच्या वर्षी मे महिन्यात खंबाटकी चढताना आमच्या पेट्रोल हॅचबॅकचा रेडिएटर होज फुटला आणि इंजिन चांगलंच तापलं. हेडचं (इंजिनाच्या वरच्या भागाचं) फेसिंग केलं, म्हणजे तळ घासून सपाट केला, नवीन गॅस्केट टाकलं, गाडी मस्त चालायला लागली आणि तीन आठवड्यांनी डिपस्टिक काढली तर टोकाला जेमतेम थेंबभर ऑइल. गॅरेजवाले म्हणाले व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली जाऊ न देणारे) गेलेत. परत हेड उतरलं, सील बदलले, दहा दिवस गाडी उभी, आणि ऑइल जायचं तेवढंच जात राहिलं. खरं कारण खाली होतं. इंजिन तापल्यामुळे ऑइल रिंगांचा (पिस्टनभोवतीच्या, ऑइल खाली खरवडणाऱ्या कड्यांचा) ताण गेलेला. दुसऱ्यांदा हेड उतरवण्याआधी अर्धा दिवस तपासण्यात घातला असता तर हे तेव्हाच कळलं असतं.

ओळखीच्या अनेकांचं हेच होतं. धूर दिसला की थेट पाना हातात. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका. आधी मोजमाप, मग बाहेरची गळती, मग धूर, मग ब्रीदर (इंजिनातला गॅस बाहेर नेणारा पाइप), मग प्लग आणि कॉम्प्रेशन, आणि इंजिन उघडणं सगळ्यात शेवटी. सुरुवातीच्या गोष्टी घरी फुकटात होतात, आणि कितीतरी गाड्यांचं कारण तिथेच सापडतं.

## तयारी: नक्की काय काय उघडलं होतं ते लिहून काढा

बिल काढा. बिलावर नुसतं "इंजिन वर्क" लिहिलं असेल तर मेकॅनिकला शांतपणे विचारा, "दादा, हेड उतरवलं होतं का? गाईड बदलले की फक्त सील? पिस्टन बाहेर काढले होते का? बोअरला होनिंग केलं की जुन्याच बोअरमध्ये नवीन रिंगा टाकल्या? ऑइल कोणत्या ग्रेडचं आणि किती ओतलं?" (गाईड म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी, बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक, होनिंग म्हणजे त्याच्या भिंतीवर बारीक तिरक्या रेषा घासणं.) उत्तरं वहीत लिहा. कामानंतर सुरू झालेला त्रास बहुतेक वेळा जिथे हात लागला तिथेच असतो, किंवा ज्या कारणाने काम निघालं त्या कारणातच असतो, आमच्यासारखा.

सामान फार लागत नाही. मिलीच्या खुणा असलेलं मापाचं भांडं, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं एक लिटर ऑइल, स्वच्छ सुती फडकी, हातातली बॅटरी (टॉर्च), मोठा पुठ्ठा, रबरी हातमोजा, प्लग पाना. कॉम्प्रेशन गेज नसेल तर ती एक चाचणी गॅरेजमध्ये करून घ्या.

## १. खरंच ऑइल जातंय का, आणि किती, ते मोजा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. "फार ऑइल खाते" हा अंदाज झाला, माप नाही.

सपाट जागा ठरवा, शक्यतो रोज गाडी लावता तीच. इंजिन गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) उतरतं. डिपस्टिक काढून पुसा, पूर्ण आत घाला, परत काढून वाचा. आता लेव्हल बरोबर वरच्या खुणेला आणा, त्यावर नाही. तारीख आणि किलोमीटर लिहा. ५०० किमी झाले की त्याच जागी, तेवढाच वेळ थांबून परत बघा आणि वरच्या खुणेपर्यंत आणायला किती मिली लागलं ते भांड्याने मोजा. ५०० किमीला २०० मिली लागलं म्हणजे १००० किमीला ४०० मिली. एकदाच मोजून निष्कर्ष काढू नका, निदान दोनदा मोजा.

किती चालतं? काही कंपन्या मॅन्युअलमध्ये १००० किमीला अर्ध्या लिटरपर्यंत चालेल असं लिहितात. माझ्या मते काम झालेलं छोटं पेट्रोल इंजिन रिंगा बोअरला घासून नीट बसल्यानंतरही १००० किमीला ३०० मिलीच्या वर घेत असेल तर कारण शोधायलाच हवं. नवीन रिंगा असतील तर पहिले हजार-दीड हजार किमी थोडं जास्त ऑइल जाणं साहजिक आहे, पण दर ५०० किमीला आकडा उतरताना दिसला पाहिजे. उतरत असेल तर इंजिनला हात लावू नका.

इथे होणाऱ्या चुका: काम झाल्यावर नवीन फिल्टर कोरडा असतो, इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की तो भरतो आणि लेव्हल थोडी उतरते. ते ऑइल जळालेलं नसतं. दुसरं म्हणजे गॅरेजमध्ये डिपस्टिक न बघता अख्खा कॅन ओतायची सवय. लेव्हल खुणेच्या वर गेली की क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) ऑइल घुसळतो, ते ब्रीदरमधून इनटेकमध्ये जातं आणि जळतं. नुसतं जास्तीचं ऑइल काढून धूर थांबलेल्या गाड्या मी पाहिल्यात.

सावधान: लेव्हल वाढत असेल तर खूश होऊ नका. पेट्रोल, डिझेल किंवा कूलंट ऑइलमध्ये उतरत असू शकतं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी रीजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळून टाकणं, अर्धवट राहिलं की डिझेल चेंबरमध्ये जातं, मग ऑइल जळत असूनही लेव्हल तिथल्या तिथे दिसते. डिपस्टिकचा वास घ्या, ऑइल बोटांवर चोळून बघा, डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ लागतं आणि वास लपत नाही.

## २. बाहेरची गळती आधी निकालात काढा

रात्री इंजिनखाली पुठ्ठा टाका, सकाळी बघा. पण पुठ्ठा कोरडा निघाला म्हणून गळती नाही असं समजू नका, काही ठिकाणची गळती इंजिन चालू असताना प्रेशर आलं की मगच होते. म्हणून इंजिन बाहेरून फडक्याने आणि डीग्रीझरने पुसून काढा, वीस-पंचवीस किमी चालवा आणि बॅटरी मारून वरून खाली बघत या. प्रेशरचं पाणी मारू नका, अल्टरनेटर आणि वायरिंगच्या सॉकेटमध्ये पाणी गेलं तर नवीनच दुखणं.

बघायच्या जागा: टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) गॅस्केट, ऑइल फिल्टरची रिंग (जुनी रिंग इंजिनला चिकटून राहते आणि नवीन फिल्टर त्याच्यावरच आवळला जातो, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं), ऑइल प्रेशर स्विच, चेंबरचा जोड, पुढचं क्रँक सील, आणि इंजिन व गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे खाली लोंबणारा थेंब, म्हणजे मागचं क्रँक सील. ऑइल नेहमी खाली आणि वाऱ्याने मागे सरकतं, त्यामुळे जिथे ओलं दिसतं तिथून वरवर शोधत जायचं.

टॅपेट कव्हरमधलं ऑइल गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडलं तरी जळतं. पण तो धूर बॉनेटखालून येतो आणि जळका वास एसीतून आत येतो. सायलेन्सरमधून धूर नाही, फक्त वास आहे, तर इथेच शोधा.

तपासा: बाहेर सगळं कोरडं असेल तरच पुढे जा.

## ३. धूर कधी येतो ते बघा

निळसर धूर म्हणजे ऑइल. काळा म्हणजे इंधन जास्त. पांढरा, दाट, गाडी गरम झाली तरी न थांबणारा आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट. थंडीत सकाळी येणारी पांढरी वाफ मात्र थोड्या वेळात जाते, ती सोडून द्या.

आधी एक सांगतो. काम करून आणल्या आणल्या दिसणाऱ्या धुरावर निर्णय घेऊ नका. जोडताना लावलेलं ऑइल आणि आधीच्या बिघाडात सायलेन्सरमध्ये साठलेलं ऑइल जळायला पन्नास-शंभर किमी लागू शकतात.

मग एकाला मागच्या गाडीतून बघायला सांगा, आरशात नीट कळत नाही.

- सकाळी पहिल्या स्टार्टला भपकन निळा धूर, मग साफ: रात्रभर ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली उतरलेलं. सील किंवा गाईड.
- सिग्नलला दोन-तीन मिनिटं आयडलिंग, मग रेस दिल्यावर धूर: बहुतेक हेच.
- घाट उतरताना गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, आणि खाली येऊन परत दाबला की ढग: पेट्रोल गाडीत थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम होतो आणि ऑइल ओढलं जातं. पहिला संशय सील-गाईडवर, पण ऑइल रिंग गेलेली असेल तरी असं होतं, म्हणून यावर एकट्यावर हेड उतरवू नका.
- चढावर किंवा ओव्हरटेकला पिकअप घेताना सतत निळा धूर: रिंगा किंवा बोअर.

डिझेलमध्ये घाट उतरायची चाचणी फार उपयोगाची नाही, कारण तिथे पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही.

धूर अजिबात दिसत नाही तरी ऑइल जातंय असंही होतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराच धूर खाऊन टाकतो, आणि त्यातच हळूहळू खराब होतो. त्यामुळे "धूर नाही म्हणजे काही नाही" हे धरू नका, वहीतला आकडा धरा. पीयूसी पास झाली यालाही इथे अर्थ नाही, त्या तपासणीत ऑइल किती जातंय ते मोजत नाहीत.

## ४. ब्रीदर आणि पीसीव्ही: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित

इंजिन चालताना थोडा गॅस रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये येतोच. तो पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदर पाइपमधून इनटेकमध्ये जाऊन जळतो. ही वाट बंद झाली की चेंबरमध्ये प्रेशर वाढतं आणि ऑइल सीलमधून, गाईडमधून, मिळेल तिथून बाहेर पडतं. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर उलट, इनटेक सरळ ऑइलची वाफ ओढून घेतं.

कामात हे पाइप काढावेच लागतात. परत लावताना पाइप दबतो, उलटसुलट लागतो, जुना असेल तर तडकतो, कधीकधी टॅपेट कव्हरच्या आतली ऑइल अडवणारी पट्टीच गाळाने भरलेली असते. म्हणून:

१. पाइप हाताने दाबत शेवटपर्यंत बघा, काढून फुंकर मारा.
२. व्हॉल्व्ह सुटा निघत असेल तर काढून हलवा, बहुतेकांत आत खुळखुळ आवाज यायला हवा. गच्च बसला असेल तर बदला, स्वस्तातला पार्ट आहे.
३. इंजिन आयडलिंगवर ठेवून ऑइल फिलरचं झाकण काढा आणि तोंडावर हातमोजा ताणून धरा. पेट्रोल गाडीत मोजा हलकासा आत ओढला गेला पाहिजे. फुगून वर आला तर ब्रीदर बंद आहे किंवा बॅक कॉम्प्रेशन (रिंगांवरून खाली येणारा गॅस) जास्त आहे. झाकण काढताना जोरात ओढ लागली, शिट्टीसारखा आवाज आला, तर पीसीव्हीचा डायफ्रॅम फाटलेला असू शकतो.

सावधान: मोजा घट्ट धरा, बाही आणि ओढणी पट्ट्यांपासून लांब ठेवा. डिझेलमध्ये थोडी वाफ येणं साधारण आहे, डिपस्टिक आपोआप वर येत असेल तर नाही.

पीसीव्ही बदललात तर परत ५०० किमी मोजा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळतच नाही.

## ५. प्लग काढून बघा

प्लग काढताना कोणता कोणत्या सिलिंडरचा ते पुठ्ठ्यावर भोकं पाडून नंबर टाकून ठेवा.

ऑइल प्लगच्या बाहेरच्या भागावर आणि आट्यांच्या वर आहे, टोक मात्र कोरडं, तर ते टॅपेट कव्हरच्या प्लग सीलमधून विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात, उतरलंय. ते आत जळत नाही. यावरून रिंगा बदलल्या गेल्याचं मी ऐकलंय, वाईट वाटतं.

टोक काळं, ओलं, चकचकीत असेल तर त्या सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. एकाच सिलिंडरचा प्लग तसा असेल तर त्याच जागेचं काहीतरी, एखादं सील नीट बसलं नाही किंवा एक रिंग तुटली. सगळेच सारखे ओले असतील तर सगळीकडे लागू पडणारं कारण शोधा: पीसीव्ही, होनिंग, तापलेल्या रिंगा. आमच्या गाडीचे चारही प्लग सारखेच ओले होते. ते त्या दिवशी कुणी काढून बघितले नाहीत.

गॅरेजमध्ये छोटा कॅमेरा असेल तर प्लगच्या भोकातून बघून घ्या. पिस्टनच्या माथ्यावर कार्बन असतो, पण कडेने गोल धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसला तर ऑइल रिंगांवरून वर येतंय. बोअरच्या भिंतीवर होनिंगच्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसायला हव्यात. नवीन कामानंतर भिंत आरशासारखी गुळगुळीत दिसत असेल तर रिंगा बसायच्या आधीच बोअर ग्लेझ झालाय.

## ६. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन

बॅटरी पूर्ण चार्ज, इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे. आकडे मॅन्युअलशी ताडून बघा, आणि आपसात दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

सावधान: डिझेलला वेगळं, जास्त प्रेशरचं गेज लागतं, आणि डिझेलमध्ये वरून ऑइल ओतायची ही चाचणी करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून रिंगा चांगल्या, हे चूक आहे. कॉम्प्रेशन धरतात वरच्या दोन रिंगा. ऑइल खरवडून खाली ढकलते ती तिसरी, ऑइल रिंग. ती कार्बनने अडकली किंवा तापून सैल पडली तरी गेजवर आकडे सुंदर येतात. आमच्याकडे याच आकड्यांवरून "खाली काही नाही" असं ठरलं होतं.

लीक-डाउन जमलं तर जरूर करा. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि कान लावायचा: ऑइल फिलरमधून फुस आला तर रिंगा, एअर फिल्टरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. हवेने क्रँक झटक्यात फिरू शकतो, पुलीवर पाना अडकवून ठेवू नका.

## ७. टर्बो असेल तर

टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा पाइप काढा. आत ऑइलचा पातळ थर ब्रीदरमुळे असतोच, त्याला घाबरू नका. पाइपमधून ऑइल ओघळत असेल तर मात्र टर्बो बघा. पण लगेच बदलू नका, टर्बोचा ऑइल रिटर्न पाइप आधी काढून बघा. जोडताना जास्त लावलेली सिलिकॉन पेस्ट आत फुगून वाट अडवते, ऑइल खाली उतरत नाही आणि चांगल्या टर्बोच्या सीलमधून बाहेर येतं. टर्बो बदलला असेल तर इंटरकूलर धुतला होता का विचारा, त्यात साठलेलं जुनं ऑइल बरेच दिवस धूर काढतं.

धोका: डिझेल इंजिनात टर्बोतून खूप ऑइल गेलं तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. असं झालं तर मॅन्युअल गाडीत वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. वाकून बघायला बॉनेटजवळ जाऊ नका. ऑइल ओघळताना दिसलं असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा.

## ८. उघडायचंच ठरलं तर समोर उभं राहून हे बघा

व्हॉल्व्ह सील बदलणार असाल तर: गाईडमध्ये व्हॉल्व्ह हलवून बघायला सांगा. गाईड ढिला असेल तर नवीन सील काही दिवसांतच जातो, मग आधी गाईड. सील घालताना व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या खाचेवर प्लास्टिकची टोपी लावली पाहिजे, नाहीतर खाचेची धार नव्या सीलचा ओठ कापते. काही इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्टचे सील वेगळे असतात, अदलाबदल नको.

रिंगा टाकणार असाल तर: बोअरला होनिंग हवंच, आणि होनिंगनंतर बोअर कोमट पाणी आणि साबणाने घासून धुवायला हवा. नुसत्या पेट्रोलने किंवा डिझेलने पुसलं तर दगडाची बारीक पूड रेषांत राहते आणि नव्या रिंगा झिजवते. धुतल्यावर ऑइलचा बोळा फिरवून पांढरं फडकं घासा, फडकं करडं झालं तर परत धुवा. रिंग बोअरमध्ये सरळ ठेवून टोकांतली फट फीलर गेजने मोजा. रिंगेवर जी खूण असते ती वर, विशेषतः दुसऱ्या रिंगेची, कारण ती उलटी बसली की ऑइल खाली खरवडण्याऐवजी वर ढकलते. ऑइल रिंगमधल्या स्प्रिंगची टोकं एकमेकांना टेकलेली हवीत, एकावर एक चढलेली नकोत. रिंगांच्या फटी एका रेषेत ठेवू नका.

जाड ऑइलचा इलाज नको. ५डब्ल्यू-३० च्या इंजिनात २०डब्ल्यू-५० टाकून धूर कमी करून दिला जातो. कारण तसंच राहतं, आणि नवीन गाड्यांच्या बारीक ऑइल वाटा आणि व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा पातळ ऑइलसाठी बनवलेली असते.

## ९. जोडल्यानंतरचे पहिले १००० किमी

नवीन रिंगा टाकून इंजिन तासन्‌तास आयडलिंगवर ठेवू देऊ नका. रिंगा भिंतीवर दाबायला सिलिंडरमधलं प्रेशर लागतं आणि ते लोडवर मिळतं. नुसत्या आयडलिंगने बोअर ग्लेझ होतो. ऑइल प्रेशर, गळती, तापमान बघून झालं की गाडी रस्त्यावर काढा.

फुल रेस नको, वरच्या गिअरमध्ये कमी वेगात इंजिन दमवत ओढणं नको, आणि महामार्गावर तासभर एकाच वेगाने चालवणंही नको. मध्यम पिकअप घ्या, मग पाय काढून गिअरमध्येच वेग उतरू द्या, परत पिकअप. पहिले ५०० किमी झाले की ऑइल आणि फिल्टर बदला. सुरुवातीच्या ऑइलसाठी इंजिन बांधणाऱ्याने सांगितलेला ग्रेड वापरा, बरेच जण साधं मिनरल सुचवतात.

आणि पहिल्या दिवसापासून तीच सपाट जागा, दहा मिनिटं थांबणं, तेच मापाचं भांडं. आमच्या वहीत रिंगा बदलल्यानंतरची पहिली नोंद ५०० किमीला १५० मिली होती, दुसरी ६०, आणि तिसऱ्या वेळी भांडं बाहेर काढायची गरजच पडली नाही.